ट्विस्ट पेन: दुखणं मेकॅनिझमचं वाटतं, असतं नळीचं

प्रश्न थोडक्यात असा. लेथवर लाकडाची डझनभर ट्विस्ट पेनं केली, ७ मिमी नळीच्या नेहमीच्या बारीक किटची. त्यातल्या दोनांच्या रिफिलचं टोक बंद केल्यावरही बाहेर डोकावतं, एकाचं पुरतं बाहेर येत नाही. एक फिरवायला जड आहे, एकाचा वरचा भाग हातात निघून येतो, दोनांच्या मधल्या रिंगपाशी फट दिसते आणि एकाला आठवड्याभरात उभी भेग गेली. विचारणाऱ्याला वाटतं की किटमधली मेकॅनिझम (फिरवल्यावर रिफिल आतबाहेर करणारे भाग) हलकी निघाली. नवी मागवून बदलावीत का?

आज तरी बदलू नका. खरोखर बिघडलेलं मेकॅनिझम निघतं, नाही असं नाही, पण मी इतकी वर्षं पेनं करतो, दुसऱ्यांची दुरुस्तीला येतात तीही उघडतो, आणि शंभरातली बहुतेक दुखणी मला लाकडाच्या आत चिकटवलेल्या पितळी नळीतच सापडतात. नळीच्या आत सुकलेला गोंद, तिरकं कापलेलं तोंड, आखूड झालेली नळी. चूक होते नळी चिकटवताना, आणि कळते शेवटी जोडणी करताना. तोवर कातून, घासून, पॉलिश करून झालेलं असतं, त्यामुळे आपण हातात असलेल्या शेवटच्या वस्तूला दोष देतो.

आधी पोटात काय आहे ते डोळ्यांसमोर आणा. खालच्या नळीच्या एका तोंडात निब, म्हणजे ते निमुळतं धातूचं टोक, आणि दुसऱ्या तोंडात मेकॅनिझमची पितळी बाजू. दोन्ही नुसती दाबून बसवलेली. वरच्या नळीच्या डोक्याला क्लिप आणि टोपी, तीही दाबूनच. मेकॅनिझमची चकचकीत बाजू वरच्या नळीत सरकून घट्ट बसते, मध्ये रिंग. रिफिल मागून येते, मेकॅनिझमच्या आरपार जाते आणि मागच्या टोकाशी आट्यांनी आवळली जाते. म्हणूनच रिफिल बदलताना वरचा भाग सरळ ओढून काढायचा असतो. या सगळ्यात स्क्रू म्हणावा असा एकच, रिफिलचा. बाकी सगळा खेळ घट्ट बसण्यावर, मिलिमीटरच्या शंभराव्या भागांवर चाललेला. नळीत गोंदाचा पापुद्रा आला की हे गणित तिथेच चुकतं.

दाबायंत्राला हात लावण्याआधी पाच मिनिटं तपासणी करा. वरचा भाग ओढून काढा. रिफिल सोडवून बाजूला ठेवा. आता मेकॅनिझम बोटांनी फिरवा. रिफिल नसताना ते लोण्यासारखं फिरत असेल आणि रिफिल घातल्यावर जड होत असेल, तर दोष पुढे आहे: निब तिरकी बसलीय, नाहीतर निबच्या आत पॉलिश किंवा गोंद साचून रिफिल घासतेय. रिफिल नसतानाही जड असेल तर मेकॅनिझममध्ये काहीतरी शिरलंय किंवा दाबताना ते तिरकं गेलंय. आणि वरचा भाग काढल्यावर हलकं, लावल्यावर जड, असं होत असेल तर वरची नळी बघा. तीन वेगळी दुखणी, लक्षण एकच. हे न बघता हातोडी उचलली की चांगलं पेनही जातं.

आणखी एक खूण करायची सवय लावा. पेन जोडलेलं असताना पेन्सिलीने एक बारीक रेघ खालच्या भागावरून, रिंगवरून, वरच्या भागावर ओढा. फिरवा आणि बघा, नेमकं कुठे सरकतंय. मेकॅनिझमचा फिरणारा भाग फिरायला हवा. पण कित्येकदा तो फिरतच नसतो, वरची नळीच त्याच्याभोवती घसरत असते. किंवा अख्खं मेकॅनिझम खालच्या नळीत गरगरत असतं. हाताला दोन्ही सारखंच लागतं.

आता टोकाचं. हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर.

मेकॅनिझमच्या पितळी अंगावर बहुतेक वेळा एक खाच किंवा गोल रेघ असते. सूचनापत्रक सांगतं, तिथपर्यंत दाबा. ही खूण तेव्हाच खरी, जेव्हा तुमची नळी किटमधून निघाली तेवढीच लांब आहे. या किटमधली नळी साधारण ५३ मिमी असते. तोंड सपाट करताना ट्रिमर, म्हणजे दांडा नळीत घालून तोंड कापायचं हत्यार, जोरात चालला आणि लाकडाबरोबर १ मिमी पितळही गेलं, तर निब आणि मेकॅनिझम एकमेकांच्या १ मिमी जवळ येतात. रिफिलची लांबी तर तीच. मग ती १ मिमी पुढे येणार, आणि बंद केल्यावरही गोळी बाहेर डोकावणार. हे झालं तुमच्या त्या दोन पेनांचं. तिसऱ्याचं उलट: लाकूड नळीच्या तोंडापेक्षा अर्धा मिलिमीटर वर राहिलं असणार, किंवा निब शेवटपर्यंत बसलेली नसणार. अंतर वाढलं, टोक कमी पडलं.

म्हणून खुणेवर विसंबू नका. खुणेच्या दोनेक मिलिमीटर अलीकडे थांबा, रिफिल पुरती आवळा, मेकॅनिझम पूर्ण उघड्या स्थितीत फिरवा आणि बघा. रिफिलच्या टोकाचा निमुळता भाग निबच्या बाहेर २ ते ३ मिमी दिसायला हवा. कमी असेल तर रिफिल काढा, किंचित दाबा, पुन्हा घालून बघा. रिफिल आत असताना दाबू नका; मागचं टोक दबतं आणि एखाद्या वेळी आटेच जातात. दाबायला मी वेगळं यंत्र वापरत नाही, लेथच्या टेलस्टॉकचं, म्हणजे मागच्या सरकत्या टेकूचं, चाकच वापरतो. दोन्ही बाजूंना लाकडाचे सपाट तुकडे लावून. चाक पाव वळसा फिरवलं की किती सरकलं ते हाताला कळतं, आणि दाब सरळ रेषेत येतो. बाकावरच्या शिकंज्यात दाबलंत तर ते तिरकं जाण्याची शक्यता फार.

एक पेन मनासारखं जमलं की त्याची निबच्या टोकापासून मेकॅनिझमच्या शेवटापर्यंतची लांबी व्हर्निअरने मोजा आणि तेवढ्या लांबीची खाच असलेला लाकडी ठोकळा करून ठेवा. पुढच्या पेनात मेकॅनिझम त्या मापाला आलं की थांबायचं. कारण रिफिलला निब ते मेकॅनिझम हे एकच अंतर कळतं, नळी किती कापली याच्याशी तिला देणंघेणं नसतं. माझा ठोकळा बाभळीचा आहे, कडा गोल होऊन गेल्यात, पण माप अजून खरं आहे.

कमी पडणाऱ्या टोकाला उपाय सोपा, आणखी थोडं दाबा. जास्त आलेल्याला मात्र मागे आणावं लागतं, आणि इथे लोक पकडीने मेकॅनिझम ओढतात. ओढू नका. चकचकीत मुलाम्यावर दातांचे वळ उठतात, आतला फिरता भाग निखळतो. क्रम असा. रिफिल काढा. रिफिलच्या नळीएवढ्या जाडीची गुळगुळीत पोलादी सळई मेकॅनिझमच्या मागून आत सोडा, ती निबच्या आतल्या बाजूला जाऊन टेकते. खालचा भाग मऊ कापडात गुंडाळून मुठीत धरा, निब खाली, आणि सळईवर लहान हातोडीने टक् टक् करा. निब निघून येते. खाली चादर अंथरा, नाहीतर ती नेमकी कपाटाखाली जाते. आता निबच्या बाजूने ६ मिमीची सळई आत घाला, ती मेकॅनिझमच्या पितळी काठावर बसते, आणि हलके ठोके देत मेकॅनिझम हवं तेवढंच मागे सरकवा. पूर्ण बाहेर काढायची गरज नसते. नंतर निब पुन्हा दाबा. दोनदा काढलेली निब थोडी सैल बसू शकते; तिला एपॉक्सीचं अगदी पुसट बोट लावलं की झालं.

टोक अर्धा मिलिमीटरच डोकावत असेल आणि हा सगळा खटाटोप नको असेल, तर चोरवाट आहे. रिफिलच्या मागच्या खांद्याखाली पातळ प्लॅस्टिकची चकती घालून आवळा. रिफिल तेवढी मागे राहते. काम होतं. पण पुढच्या रिफिलच्या वेळी ती चकती हरवणार, हे धरून चाला. विकत द्यायच्या पेनात मी हे करत नाही.

आता मूळ रोगाकडे. नळीतला गोंद.

ब्लँकमध्ये, म्हणजे भोक पाडलेल्या लाकडाच्या तुकड्यात, नळी सरकवताना आपण तिला गोंद फासतो आणि फिरवत आत ढकलतो. भोकाच्या तोंडाशी साचलेला गोंद नळीच्या पुढच्या तोंडातून आत शिरतो आणि तिथेच कडक होतो. बाहेरून काही दिसत नाही. पण पुढचं सगळं त्यावर बिघडतं. ट्रिमरचा दांडा नळीत नीट बसत नाही, गोंदाच्या गाठीवर कलतो, आणि तोंड तिरकं कापलं जातं. तिरक्या तोंडावर बुशिंग (कातताना तोंडाशी लावायची मापाची धातूची कडी) कललेली बसते, म्हणून नळी मॅन्ड्रेलवर, म्हणजे ती ओवून कातायच्या दांडीवर, वाकडी फिरते, म्हणून लाकूड एका बाजूला जाड राहतं. जोडताना निब गाठीला अडते, आपण जोर लावतो, लाकूड तडकतं. एक थेंब गोंद, चार तक्रारी. तुमच्या रिंगपाशी दिसणारी फट बहुतेक इथलीच आहे.

तपासायला महागडं काही लागत नाही. ६ मिमीच्या ड्रिल बिटची मागची गुळगुळीत दांडी घ्या. नळी उभी धरा आणि दांडी वरून सोडा. आपल्या वजनाने सरकन खाली गेली तर नळी स्वच्छ. कुठे अडली, घासली, तर गोंद आहे. ही चाचणी ट्रिमर लावण्याआधी करायची, नंतर नाही. मी प्रत्येक नळीला करतो, घाईतही. दांडी नळीतून पडताना जो ‘टण्’ आवाज येतो तो एकदा कानात बसला की अडलेल्या नळीचा बद्द आवाज लगेच कळतो.

गोंद असेल तर बारीक गोल कानशीने किंवा पातळ पात्याने हाताने खरवडा. ड्रिल मशीनला बिट लावून साफ करायला जाऊ नका. बिट गोंदाला धरतं, नळी लाकडातून सुटते किंवा आतून मोठी होते. मोठी झालेली नळी पुढे सैल पेन देते, आणि मग तो वेगळाच ताप.

न होऊ द्यायचा मार्ग: नळीचं तोंड बुजवून मग गोंद लावा. मुलांच्या खेळण्यातली माती, मेण, काहीही चालतं. मला कच्च्या बटाट्याची चकती आवडते. बोटभर जाड काप ठेवायचा, नळी त्यात खुपसायची, आत छोटा गट्टू बसतो. गोंद वाळेपर्यंत तो सुकून आक्रसतो आणि सळईने ढकलला की निघतो. नळीला बाहेरून १५० नंबरच्या पॉलिशपेपरने आडवेतिडवे ओरखडे काढायला विसरू नका. चकचकीत पितळाला गोंद धरत नाही, आणि कातताना तापल्यावर नळी सुटते. गोंद कोणता, यावर लोक भांडतात. सुपरग्लू पटकन होतो, पण नळी अर्ध्यात असतानाच धरला तर ब्लँक गेला. मी सावकाश वाळणारा एपॉक्सी वापरतो आणि रात्रभर ठेवतो. माझ्या हाताला घाई मानवत नाही.

फट तपासायची असेल तर बुशिंग नळीच्या तोंडावर धरून उजेडाकडे करा. प्रकाशाची चंद्रकोर दिसली की तोंड तिरकं. ट्रिमरने थांबायचं केव्हा? पितळाची कडा सगळीकडून एकसारखी चमकली की लगेच. कडेचा अर्धा भाग चमकतोय आणि अर्ध्यावर अजून लाकूड आहे, तर आणखी थोडं. पूर्ण वर्तुळ चमकल्यावर एक फेराही जास्त नको. तयार पेनाला फट दिसत असेल तर सपाट काचेवर ४०० नंबरचा पॉलिशपेपर ठेवून वरच्या भागाचं तोंड उभं धरून गोल घासा. टाचणीएवढी फट जाते. त्याहून मोठी असेल तर घासून वेळ घालवू नका.

रिंगपाशी फट नाही, पण एका बाजूने लाकूड रिंगच्या बरोबर आणि दुसऱ्या बाजूने वर आलेलं, असं असेल तर ते तोंडाचं नाही, गोलाईचं दुखणं. मॅन्ड्रेल म्हणजे जेमतेम सव्वासहा मिलिमीटर जाडीची लांब दांडी. तिच्यावर टेलस्टॉक करकचून आवळला की ती धनुष्यासारखी वाकते आणि फिरताना मधला भाग झोके घेतो. छिन्नी तेवढंच कापते, गोल मात्र होत नाही. पितळी नट बोटांनी आवळा, पाना लावू नका. टेलस्टॉकही फिरते टोक जेमतेम टेकेल एवढाच. संशय असेल तर नट सैल करून नळी अर्धा वळसा फिरवा, परत आवळा आणि हलकी छिन्नी लावा. एकाच बाजूचा भुसा निघू लागला तर मॅन्ड्रेल वाकलंय. मी स्वतः आता मॅन्ड्रेल वापरत नाही, नळीला दोन शंकूंमध्ये धरून कातो. एकदा सवय झाली की परत जावंसं वाटत नाही.

बुशिंगही कायमची नसते. दरवेळी पॉलिशपेपर तिलाही घासतो, वर्षभरात ती बारीक होते आणि आपण तिला माप मानून लाकूडही बारीक करतो. शेवटी व्हर्निअरने निब आणि रिंग मोजा, बुशिंगवर जाऊ नका.

वरचा भाग हातात येतो, त्याचं. वरच्या नळीचं तोंड आतून मोठं झालंय, बहुधा साफ करताना. लोक तिथे गोंद लावून मोकळे होतात. मग रिफिल कशी बदलणार? मेकॅनिझमच्या चकचकीत भागावर नखांना लावायच्या पारदर्शक रंगाचा एक पातळ हात द्या, पूर्ण वाळू द्या, एक दिवस, आणि मग वरचा भाग सरकवा. घट्ट होतो आणि ओढल्यावर निघतोही. एका हाताने न भागल्यास दुसरा. मेकॅनिझमच खालच्या नळीत गरगरत असेल तर ते बाहेर काढून, पितळी बाजूला घट्ट एपॉक्सीचा पुसट थर देऊन परत दाबा. पातळ सुपरग्लू तिथे चुकूनही नको. मी एकदा घाईत फटीत एकच थेंब सोडला. ओल भिंतीत चढते तसा तो सांध्यातून मेकॅनिझमच्या पोटात गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी पेन सुंदर घट्ट होतं, इतकं की पुन्हा कधी फिरलं नाही.

तुमचं जड पेनही कदाचित असंच झालं असेल. सुपरग्लूचा थर देऊन चकचकीत केलेला भाग पुरता वाळायच्या आत जोडला, तर त्याची वाफही आत धरते. वरची तपासणी करून मेकॅनिझमच जड निघालं, तर इथे मात्र ते बदला. साफ करायच्या भानगडीत पडू नका, त्यात तेल घातलंत तर ते महिन्याभरात लाकडात उतरून रिंगभोवती काळं कडं उठतं.

आता भेग. ही एक गोष्ट दुरुस्तीपेक्षा समजून घेण्यासारखी आहे. भोक ७ मिमीचं, निबपाशी बाहेरचा व्यास सव्वाआठ मिमीच्या आसपास. दोन्ही बाजूंत वाटून घ्या: टोकाशी लाकडाची भिंत उरते जेमतेम ०.६ मिमी. नखाहून थोडी जाड. आणि ती पितळाच्या कडक नळीला चहूबाजूंनी चिकटलेली. लाकूड सुकताना आक्रसतं, वर्षवलयांच्या दिशेने तर वलयांना आडव्या दिशेच्या जवळपास दुप्पट. पितळ जागचं हलत नाही. मग लाकूड कुठेतरी फाटणारच, आणि फाटतं ते उभं, तंतूंच्या रेषेत. म्हणजे तुमचं लाकूड वरून कोरडं वाटत असलं तरी आतून ओलं होतं. पेनाचे तुकडे कापून, दोन्ही टोकांना मेण लावून, महिनोन्महिने सावलीत पडू द्यावे. घाई असेल तर दर आठवड्याला छोट्या काट्यावर वजन करा. वजन उतरायचं थांबलं की लाकूड तयार.

दुसरं कारण उष्णता. शिसव, एबनी अशी जड, तेलकट लाकडं पॉलिशपेपरखाली पटकन तापतात, आणि तापलं की केसासारख्या तडा जातात. बोटाला चटका बसेल इतकं घासू नका. पेपर हलका धरा, मध्ये थांबा. या लाकडांची धूळ घशाला आणि कातडीला त्रास देते, मास्क लावून काम करा. भोक पाडतानाही तेच: सेंटिमीटरभर गेलं की बिट बाहेर काढून भुसा झाडा, नाहीतर लाकूड आतून भाजतं आणि भेग तिथूनच सुरू होते. ती दिसते मात्र पेन झाल्यावर.

झालेल्या भेगेचं काय? केसाएवढी असेल तर त्याच लाकडाची बारीक धूळ भेगेत दाबून पातळ सुपरग्लू सोडा, वाळल्यावर परत घासून थर द्या. लांबून दिसणार नाही, जवळून दिसेल. रुंद भेग असेल तर तो भाग कातून नळीपर्यंत उतरवा आणि नळी परत वापरा. लाकडाला दोष देऊन उपयोग नाही. माझ्या एका मित्राला दिलेल्या पेनाला तिसऱ्या आठवड्यात भेग गेली. लाकूड त्याच्याच अंगणातल्या झाडाचं, तोडून चार महिनेही झाले नव्हते. मला माहीत होतं. तरी केलं, कारण त्याला हौस होती.

दाबताना तडकलेलं लाकूड वेगळं. तिथे गोंदाची गाठ किंवा नळीच्या तोंडाची आतली धार कारणीभूत. दाबण्याआधी चाकूच्या टोकाने ती धार आतून एकदा मोडून घ्या, निब आपोआप मध्यावर शिरते.

चकाकीबद्दल दोनच शब्द. सुपरग्लूचा थर पांढुरका झाला तर लाकडात ओल होती किंवा लवकर वाळवायचा फवारा जास्त मारला. तो थर घासून काढण्याशिवाय इलाज नाही. लावायला कागदी रुमाल घ्या, सुती चिंधी नको. सुपरग्लू कापसाशी इतका तापतो की बोट भाजतं, धूर येतो. खिडकी उघडी ठेवा. फिरत्या लेथवर घासून लावायचं मेणाचं पॉलिश पहिल्या दिवशी डोळ्यांत भरतं, पण हाताच्या घामाने महिन्यात मंद होतं. ते पेन फुलदाणीसारखं शोभेला ठेवायचं असेल तरच.

लाकडाच्या रेषा जुळवण्याबद्दलही विचारलं जातं. वरचा आणि खालचा भाग एकाच तुकड्याचे, मग फिरवल्यावर रेषा हलतात ना? हलणारच. टोक आत असताना जुळवा. लिहिताना बोटं त्यावर असतात, कोणी बघत नाही. टेबलावर पडलेलं असताना मात्र बघतात.

जाडसर पेनांना, ज्यांत पार्कर पद्धतीची स्प्रिंगवाली रिफिल बसते, यातलं बरंच लागू नाही. तिथे निब किंवा मेकॅनिझम आट्यांचं असतं, म्हणून टोकाचं अंतर चुकलं तर आधी आटे पूर्ण बसलेत का आणि स्प्रिंग रिफिलच्या पुढे आहे ना, हे बघा. स्प्रिंग उलटी, वाकडी किंवा विसरलेली असेल तर टोक आत परतत नाही. तेवढंच.

शेवटचं, प्रश्नात नसलेलं. पेन सगळं नीट जोडलंय, सुरेख फिरतंय, आणि कागदावर लिहीत नाही. मेकॅनिझम उघडायला बसण्याआधी रिफिल बाहेर काढून तिची गोळी उजेडात बघा. नव्या रिफिलच्या टोकावर शाई वाळू नये म्हणून मेणाचा एक बारीक ठिपका लावलेला असतो. नखाने टिपा, कागदावर दोन गोल रेघोट्या ओढा. एकाने माझ्याकडे चार पेनं ‘बिघडली’ म्हणून परत आणली होती, चारही याच ठिपक्याची.